ड्राय रेड वाइन आणि आपलं ताट: दोष मसाल्याचा नाही, मिरची आणि गूळ बघा

नाशिकची शिराझ (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) आणि सुकं मटण ही जोडी जमते. बिघडते तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: बाटली फार गरम होती, रश्शात मिरची जास्त होती, नाहीतर भाजीत गूळ होता. दोष मात्र दर वेळी मसाल्याच्या माथी मारला जातो. लवंग, दालचिनी, मिरी, भाजलेलं खोबरं यांचं रेड वाइनशी काहीही वाकडं नाही. उलट काहींचं तर सख्खं नातं आहे, ते पुढे येईलच.

आधी 'ड्राय'चा खुलासा. आंबवण्याच्या वेळी यीस्टने द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर संपवलेली असते. युरोपीय नियमांत लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन ड्राय धरतात, आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. वाइनला जांभळाचा, काळ्या मनुकांचा गोडसर वास येतो म्हणून ती गोड असते असं नाही. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. वास बंद झाला की जिभेवर खरोखर किती गोडी आहे ते लगेच कळतं.

नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस सरताना फळछाटणी. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात. थंडीच्या रात्री आम्लता टिकवतात, तर दिवसाचं ऊन साखर चढवतं. जितकी साखर जास्त, तितकं अल्कोहोल जास्त, त्यामुळे इथल्या बऱ्याच रेड 13 ते 14 टक्क्यांच्या घरात असतात. हा आकडा लेबलवर बघून ठेवा, कारण मिरचीशी गाठ पडते ती याचीच.

दुकानात लेबलपेक्षा बाटली कशी ठेवली होती याकडे जास्त लक्ष द्या. काचेच्या दारात उन्हात उभ्या असलेल्या बाटल्यांना हात लावू नका, आतल्या, एसी असलेल्या भागातली मागा. बूच असेल तर ते बाटलीच्या तोंडाच्या पातळीत आहे ना, वर उचललेलं नाही ना, हे टोपणावरून बोट फिरवून कळतं. टोपणाखाली चिकट ओघळ दिसला तर आतली वाइन उष्णतेने फुगून बाहेर आली आहे. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा, पाकाचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. लेबलवर द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष असतं तेही पाहा. साधी, ओक झाडाच्या लाकडी पिंपात न ठेवलेली रेड दोन-तीन वर्षांतली घ्यावी. 'जुनी तितकी चांगली' हे फार थोड्या बाटल्यांना लागू आहे. घेतलेली बाटली एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, तासाभरात तिचं नुकसान होतं.

आता तापमान. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधला आहे. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. पुण्यात मे महिन्यात दिवाणखाना 32 अंशांवर असतो. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते, घसा जळतो, फळाचा वास तिच्याखाली दबून जातो. भरदार शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों 16 ते 18 अंशांना द्यावी, हलकी रेड 14 ते 15 ला. त्याच्या खाली जाऊ नका, कारण गारठलेल्या वाइनचा वास मिटतो आणि तुरटपणा, कडवटपणा टोकदार होतो.

30 अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये दीड ते दोन तासांनी या टप्प्यात येते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, 12 ते 15 मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका. खड्यांच्या मधली हवा उष्णता फार हळू ओढते, पाणी सगळीकडून बाटलीला भिडतं. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली बाटली उन्हाळ्यात जेवणाच्या तासभर आधी बाहेर काढा. स्वयंपाकघरात चॉकलेट किंवा मांसासाठी वापरायचा काडीचा थर्मामीटर असेल तर पहिल्या ग्लासात बुडवून बघा, दोन-तीनदा मोजलं की आपल्या फ्रिजचा अंदाज बसतो. देताना 15 अंशांची वाइन द्यावी हे बरं, कारण ग्लासात ती मिनिटागणिक तापते. आणि ग्लासात बर्फ नको. वाइन पातळ होते आणि तुरटपणा मात्र तसाच राहतो.

बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट बूच सुकण्याची भीती नाही. बूच असेल तर टोपणाचा पत्रा वरच्या कडेवर न कापता, बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेखाली कापा, म्हणजे ओतताना वाइन पत्र्याला लागत नाही. स्क्रूचं टोक मध्यभागापासून किंचित बाजूला टेकवा. वेटोळं असल्यामुळे ते आत जाताना आपोआप मधोमध येतं. शेवटचा एक वेढा बाहेर राहू द्या. पूर्ण आत घातला तर तळ फोडून भुसा वाइनमध्ये पडतो. बूच निम्म्यावर तुटलंच तर उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून हळू ओढा. तेही जमलं नाही तर बूच आत ढकला आणि स्वच्छ मलमलीतून वाइन जगमध्ये गाळून घ्या. वाइन त्याने खराब होत नाही.

बाटली उघडून नुसती ठेवली की 'वाइन श्वास घेते' असं म्हणतात, त्यात फार तथ्य नाही. मानेतला वाइनचा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याएवढा, त्यातून हवा किती लागणार? तरुण, तुरट शिराझ रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओता आणि अर्धा ते पाऊण तास ठेवा. तेवढ्या वेळात ती तापते, म्हणून जग गार पाण्याच्या परातीत ठेवावा. उघडताच विझलेल्या काडीचा किंवा कुजक्या अंड्याचा वास आला तर तो गंधकाचा असतो, आणि बहुतेक वेळा एका जगातून दुसऱ्या जगात दोन-तीनदा ओतल्यावर उडून जातो. तांब्याच्या स्पर्शाने तो वास जातो हे खरं आहे, पण म्हणून वाइन तांब्यात ओतून ठेवू नका. वाइन आम्ल आहे, तांबं तिच्यात उतरतं. उलट, भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास आला तर तो बुचातून आलेला दोष आहे, हवा लागली की तो वाढतच जातो. ती बाटली परत करावी. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास डोळ्यात भरण्याइतका येत असेल तर तीही गेली.

ग्लास 400 ते 500 मिलीचा, खाली फुगीर आणि वर निमुळता हवा, आणि त्यात 120 ते 150 मिली वाइन, म्हणजे तिसऱ्या हिश्शापर्यंत. 750 मिलीच्या बाटलीत असे पाच-सहा ग्लास होतात. ग्लास काठोकाठ भरला की फिरवता येत नाही आणि वास साठायला जागा राहत नाही. वाइनचे ग्लास नसतील तर पातळ काचेचा, तोंडाशी अरुंद असलेला साधा ग्लास चालतो, स्टीलचा पेला मात्र नको. कपाटातून काढलेला ग्लास आधी हुंगून बघा. लाकडाचा, ओल्या फडक्याचा किंवा साबणाचा वास वाइनपेक्षा मोठा असतो. असा ग्लास गरम पाण्याने धुवून, मग चमचाभर वाइन त्यात घोळवून ती टाकून द्या.

चाखताना ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला जांभळी झाक म्हणजे वाइन तरुण, विटकरी छटा म्हणजे वय झालेलं, आणि नव्या हंगामाच्या बाटलीत ती दिसली तर उष्णतेचा संशय घ्यावा. ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग फिरवून पुन्हा हुंगा. पहिल्या वेळी हलके वास येतात, दुसऱ्या वेळी खालचे जड. घोट छोटा घ्या, पण तो हिरड्यांपर्यंत फिरवा. आम्लता तोंडाला पाणी सुटण्यावरून कळते, अल्कोहोल गिळल्यावर घशातल्या उबेवरून. टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारा घटक, कळायला हिरड्या आणि ओठांची आतली बाजू लागते. ती चव कमी, स्पर्श जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. ज्यांना हे ओळखता येत नाही त्यांनी चहा पत्ती सात-आठ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, दूध-साखर न घालता एक घोट घ्यावा. मग त्याच चहात दोन चमचे दूध घालून पुन्हा प्यावा. तुरटपणा झटकन उतरतो, कारण आता टॅनिनला बांधायला दुधातलं केसीन हे प्रथिन मिळालं. पनीर, चीज किंवा मटण खाल्ल्यावर रेड वाइन मऊ लागते, त्याच्या मुळाशीही प्रथिनं आणि चरबीच आहे.

पाहुणे येण्याआधी एक प्रयोग करण्यासारखा आहे. ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, हिरव्या मिरचीचा तुकडा आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे काप मांडा. वाइनचा घोट, मग एक पदार्थ, मग पुन्हा घोट, आणि मध्ये पाणी. मिठानंतर वाइन गोल आणि फळाळ लागते. लिंबानंतर तिची आम्लता कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून आंबट पदार्थाबरोबर मुळातच आम्लता कमी असलेली वाइन मिळमिळीत होते. गुळानंतर तीच वाइन आंबट, कडू आणि रोडावलेली लागते. मिरचीनंतर घशात आग लागते, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन जे मज्जातंतू चेतवतं तेच अल्कोहोलही चेतवतं आणि दोघं मिळून जाळ करतात. खोबऱ्यापाशी मात्र थांबा, कारण तिथे गंमत आहे.

रेड वाइन ओकच्या पिंपात ठेवली की लाकडातून काही वास उतरतात. त्यातल्या लॅक्टोन जातीच्या एका रेणूचा वास चक्क खोबऱ्याचा असतो, आणि तो अमेरिकन ओकमध्ये फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतो. भाजलेल्या ओकमधून युजेनॉल येतं, जे लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक आहे. शिराझच्या बाबतीत आणखी एक: तिच्यात जाणवणारी मिरपूड ही उपमा नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली शिराझमधला हा वास रोटुंडोन नावाच्या रेणूचा असल्याचं दाखवलं, आणि तोच रेणू काळ्या मिरीत आहे. त्याच कामात असंही दिसलं की साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. तेव्हा टेबलावर कुणी 'मला मिरी लागत नाही' म्हणालं तर वाद घालू नका, त्याचं नाक खरं बोलतंय. थंड जागेतल्या द्राक्षांत रोटुंडोन जास्त तयार होतं, त्यामुळे सगळ्याच शिराझ सारख्या मिरीदार नसतात.

आता सुक्या मटणाचं वाटण आठवा: भाजलेलं सुकं खोबरं, लवंग, मिरी, दालचिनी. ओकमध्ये ठेवलेल्या शिराझमध्ये यातले तीन वास आधीच आहेत. म्हणून मागच्या लेबलवर 'ओक' शोधा. 'रिझर्व्ह' लिहिलेलं असलं की बहुधा ओक असतोच, पण त्या एका शब्दावर भिस्त ठेवू नका.

वाइनसाठी सुकं करताना नेहमीच्या कृतीत थोडे फेरफार लागतात. अर्धा किलो मटणाला कांदा-लसूण मसाला मोठा चमचाभर घालत असाल तर छोटा चमचा घाला, आणि रंगाची भरपाई चार-पाच ब्याडगी मिरच्यांनी करा. ब्याडगीत रंग भरपूर, जाळ कमी. संकेश्वरी किंवा लवंगी या दिवशी बाजूला. खोबरं अर्धी वाटी, किसून बदामी होईपर्यंत भाजायचं. काळं पडेपर्यंत नाही, कारण करपलेल्या खोबऱ्याची कडवट चव टॅनिनच्या कडूपणात मिळते आणि घोट संपता संपत नाही. लवंगा चार, मिरी आठ-दहा दाणे, दालचिनी बोटाच्या पेराएवढी. मीठ नेहमीइतकंच, कमी अजिबात नाही. आळणी मटणाबरोबर वाइन अधिक कठोर लागते. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. मसाला मटणाला चिकटेपर्यंत आटवा, वाटीत रस्सा उरता कामा नये. आणि वाफाळतं वाढू नका. चटका बसणाऱ्या घासावर अल्कोहोल जास्त झोंबतं, पाच मिनिटं थांबलं की दोन्हींची चव कळते. बरोबर ज्वारीची भाकरी.

तांबडा रस्सा याच्या नेमका उलट: पातळ, उकळता आणि तिखट. त्याच्याबरोबर ड्राय रेड ठेवूच नये, रस्सा आधी पिऊन घ्यावा, पाणी प्यावं, मग सुक्याबरोबर वाइन घ्यावी. सावजीचंही तेच, तिथे मिरची आणि तेल दोन्ही वाइनच्या आवाक्याबाहेर आहेत. चवच बघायची तर कमी टॅनिनची, 14 अंशांना गार केलेली रेड घ्या, कॅबर्ने नको. गोव्याची चिकन शागुती छान जमते, कारण तीही भाजलेल्या खोबऱ्याची, खसखशीची, दगडफुलाची. सोरपोतेल किंवा विंदालूत व्हिनेगर असतं, तिथे आम्लता राखून असलेली वाइन लागते. अकलूज परिसरात फ्रातेल्ली या वाइन कंपनीने सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष लावलं आहे, ते मुळातच आंबटपणात पुढे. टोमॅटोच्या रश्श्यालाही हीच वाइन घ्यावी.

शाकाहारी ताटात माझी पहिली पसंती भरल्या वांग्यांना. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं यांची स्निग्धता टॅनिनला सांभाळून घेते आणि गोड्या मसाल्याचा वास ओकशी मिळतो. फक्त गूळ काढा किंवा सुपारीएवढ्याच्या जागी चिमूटभर ठेवा, आणि चिंचेचा कोळही त्याच प्रमाणात कमी करा, नाहीतर वांगी नुसती आंबट होतील. अख्खा मसूर, लसणीची फोडणी देऊन घट्ट केलेला, उत्तम. खारे दाणे, साधं पापड आधी खायला चालतात. साखर घातलेला चिवडा आणि तिखट फरसाण नको. मेथी आणि कारलं नको, दोन कडू एकत्र येतात. मिसळीबद्दल विचारूच नका, कट आणि लिंबू आणि कांदा आणि मिरची, वाइनला जागाच नाही. ठेचा टेबलावर असला तर लोक खाणारच, तेव्हा तो शेवटी आणा. पुरणपोळी, श्रीखंड आणि चॉकलेट यांच्याबरोबर ड्राय रेड देणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. गोड आलं की वाइन उचलावी.

माशांचं कारण वेगळं आहे. रेड वाइनमध्ये थोडं लोह असतं, आणि ते माशातल्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र वास उरतो. जपानी संशोधकांनी 2009 साली शिंपल्यांबरोबर निरनिराळ्या वाइन देऊन हे दाखवलं: ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर उग्र वास जास्त. म्हणून तेलकट बांगडा आणि तारली यांच्याबरोबर रेड टाळा, सुकट-जवळ्याची चटणी तर ताटातही नको. पापलेट-सुरमईला नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन आहेच. सोलकढी प्यायची असेल तर वाइन संपल्यावर, कोकमाचा आंबटपणा जिभेवर असताना कुठलीही रेड पाणचट लागते.

बाटली उरली तर रेड असली तरी फ्रिजमध्येच. बुचाखाली मोकळी राहिलेली हवा वाइन बिघडवते, म्हणून निम्म्याहून कमी उरली असेल तर छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा. सोड्याची 300 मिलीची बाटली यासाठी चांगली, उकळत्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवलेली. अशी तीन-चार दिवस ठीक राहते. ओट्यावर उघडी राहिलेली वाइन उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी मलूल होते, चिलटं जमतात आणि व्हिनेगरचा वास येऊ लागतो. पाचव्या दिवशी वास ठीक असेल पण फळ उतरलं असेल तर ती मटण परतताना तळाला चिकटलेला मसाला सोडवायला घाला, अर्धा कप, आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर निम्मी आटू द्या.